पूर्वाभिमुख विमान

माणूस मच्छरदाण्या आणायला जातो आणि विमान घेऊन येतो, यावर हल्लीच्या मंडळींचा विश्वास बसत नाही. न बसो. हल्लीच्या मंडळींचा विश्वास फक्त छापील पावतीवर बसतो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पात लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचे लिलाव चालत, तेव्हा अख्खं कल्याण लष्करी बूट घालून हिंडायचं आणि लष्करी घोंगडीत झोपायचं. आमचे मामा अशाच एका लिलावात मच्छरदाण्यांच्या ढिगावर बोली लावून बसले. ढिगाच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी भलंमोठं झाकलेलं होतं. मामांना वाटलं, तंबूच्या काठ्या. लिलाववाला साहेब म्हणाला, ढीग घेतला म्हणजे मागचंही तुमचंच, चोवीस तासांत उचला. ताडपत्री ओढली तर खाली विमान.

मामा रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून, पुढे काय चाललंय हे अजिबात न बघता, हिरवं निशाण दाखवून त्यांनी देशाची प्रगती घडवून आणली होती. त्यांच्यासोबत त्या दिवशी त्यांचे ठाण्याचे स्नेही वकीलसाहेब होते. तलावपाळीजवळ घर, अंगात काळा कोट, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत. वकीलसाहेबांनी विमानाभोवती एक फेरी मारली, पंखावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "उत्तम स्थितीत आहे." पुढच्या आयुष्यात त्यांनी माझ्या अपेंडिक्सबद्दलही हेच सांगितलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी फुटलं.

त्यांनी निम्मे पैसे घातले, तर असे दोन मालक झाले. तिसरा मी, कारण दोघांपैकी एकालाही ते उडवता येत नव्हतं. मी लढाईच्या अगदी शेवटी हवाई दलात भरती झालो होतो. उडायला शिकलो, छातीवर पंख लावून घेतले, आणि ही बातमी पोचताच शत्रूने शरणागती पत्करली. इतिहासकार निराळी कारणं देतात. देवोत. त्यांना तिथे कुणी विचारलं होतं?

विमान माझ्या मुंजीच्या सुमारास बांधलेलं असावं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर रोगणाचे हात. एकावर एक असे दोन मजली पंख, मध्ये काठ्या आणि तारा. बसायच्या दोन उघड्या जागा, एकामागे एक, आणि पुढे लाकडी पंखा, जो कुणीतरी खाली उभं राहून हाताने फिरवल्याशिवाय इंजिन हूं की चूं करत नसे. सावरीच्या बोंडातून पांढरी म्हातारी उडते ना, मुलं जिच्या मागे फुंकर मारत धावतात, तसं ते विमान हलकं होतं. म्हणून मी त्याला म्हातारीच म्हणायचो. वकीलसाहेबांना हे नाव पसंत नव्हतं. त्यांना काहीतरी संस्कृत हवं होतं. त्यांनी सुचवलेली नावं लिहायला पंखाची लांबी पुरली नसती, म्हणून तो विषय सुदैवाने तसाच राहिला.

आता तिच्याबद्दल काही खरं सांगतो. ती हळू उडायची. म्हणजे किती हळू? समोरून वारा असला की खालून कर्जतची गाडी आम्हाला मागे टाकून जायची, आणि खिडकीतले लोक माझ्याकडे बघून हात हलवायचे नाहीत, चुकचुकायचे. एकदा ठाकुर्लीच्या वीजघराच्या धुराड्यावर असा वारा भेटला की मी जागच्या जागी लटकलो. इंजिन पूर्ण जोरात, आणि खाली तेच धुराडं, तोच धूर. इतका वेळ लटकलो की एका कावळ्याने खालच्या पंखावर दोन काटक्या आणून ठेवल्या आणि तिसरी आणायला गेला. मी खोटं बोलत नाही. काटक्या मी आईला नेऊन दाखवल्या होत्या. ती म्हणाली, बंबात टाक.

पण हातात विमान वळवायचा दांडा धरला की काय व्हायचं, हे मात्र मला कुणाला पटवता आलं नाही. दांडा बोटभर डावीकडे, ती बोटभर डावीकडे. पायाखालची पट्टी जराशी दाबली की मागचं सुकाणू वळायचं आणि मलंगगड नाकासमोरून बाजूला सरकायचा, कुणीतरी दार उघडावं तसा. मी घरात पाणी मागितलं तर दोनदा हाक मारावी लागायची. कचेरीत माझ्या अर्जाला उत्तर यायला ऋतू बदलायचा. या एका जागेवर बसलो की मी म्हणेन ते त्याच क्षणी होत होतं. बाकीच्या जगाशी माझं पटत नसे, याचं कारण जगाने म्हातारीकडून काही शिकून घेतलं नाही, हेच आहे.

लढाईत नेवाळीकडे लष्कराने धावपट्टी बांधली होती, तिथे तिला ठेवलेलं असायचं. धावपट्टी आता कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. आजूबाजूच्या गावातले आगरी शेतकरी कापणी झाली की तिच्यावर भात वाळत घालायचे. मला उतरायचं असलं की आधी दोन घिरट्या घालाव्या लागायच्या. खालून बायका सुपं घेऊन धावत येत, भात बाजूला ओढत आणि मला शिव्या देत. "ओ दादा, वरशी जा ना जरा! सगला भात सांडवलास!" एक म्हातारा तर मला गंभीरपणे म्हणाला की, तू रोज याच वेळेला ये, तुझ्या पंख्याच्या वाऱ्याने फोलपटं छान उडतात. विमानविद्येबद्दल मी ऐकलेलं ते एकमेव समंजस मत होतं.

कारण बाकीची मतं रविवारी यायची. रविवारी डोंबिवली, कल्याण आणि ठाणं इथली शिकलेली कुटुंबं विमान बघायला टांग्याने येत. बरोबर पुरीभाजीचे डबे. पंखाच्या सावलीत सतरंजी घालत. मग तेलकट बोटांनी कापड चाचपून बघत आणि म्हणत, "अगं बाई, हे तर कापडच आहे!" जणू मी फसवणूक करताना रंगेहाथ सापडलो होतो. सरकारी नोकरीतल्या एका इंजिनियर गृहस्थांनी मी उतरून टोपी काढत असताना मला समजावून दिलं की, तत्त्वतः हे यंत्र उडू शकत नाही. एका शाळामास्तरांनी सांगितलं की, पुराणकाळी आपल्याकडे याहून मोठी होती. मी म्हटलं, मग एक घेऊन या की पुढच्या रविवारी, जोडीने ठेवू. ते रागावले. एका सोवळ्यातल्या आजोबांची शंका होती की, विमानातून आळंदीला जाऊन आलं तर सोवळं मोडतं का. या एका माणसाला मी आदराने उत्तर दिलं, कारण तो निदान जायला तयार होता.

माझे भागीदार तयार नव्हते. मामा एकदाच बसले. डोळे घट्ट मिटून, हातात हिरवं निशाण धरून. उतरल्यावर म्हणाले, "छान आहे. पण पुढे काही दिसत नाही." वकीलसाहेब तर कधीच बसले नाहीत. "माझ्यावर माणसं अवलंबून आहेत," असं ते म्हणत. मात्र मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी आपल्या नावापुढे वकील आणि त्याच्यापुढे विमानमालक असं छापून घेतलं. विमानमालक या शब्दाला व्याही भुलले. लग्नाच्या मांडवात व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, वरात विमानातून काढता येईल का? मी म्हटलं, येईल, पण फक्त नवरामुलगा बसेल आणि वऱ्हाडाने खालून पळायचं.

हे सगळं मी सोसलं. कापडाला बोटं लागोत, मतं येवोत. पण वकीलसाहेबांनी एक काम फार वाईट केलं. त्यांनी आमच्या भागीदारीला नियम लावून दिला की, विमानासंबंधी कुठलाही निर्णय बहुमताने. तिघांत बहुमत म्हणजे ते दोघे. म्हातारीला हवेत नेणारा मी, आणि जमिनीवर तिचं काय करायचं ते ठरवणार ते दोघे. आणि तिचं बरंचसं आयुष्य जमिनीवरच जायचं. धावपट्टीच्या कडेला लष्कराची एक शेड होती, पण पंख तिच्यात शिरत नसत. म्हणून ती उघड्यावर उभी असायची, जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांना दोरांनी बांधून.

दसऱ्याला मामांनी तिची पूजा केली. झेंडूची माळ पंख्याला, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ. आणि पूजेसाठी तिचं तोंड पूर्वेला केलं. चांगला दिवस होता, वारा नव्हता, मी काही बोललो नाही. पूर्व तर पूर्व.

मग दिवाळी झाली, भात कापून झाला, पावसाचं नाव लोक विसरले, आणि एका सकाळी आकाश तांब्याच्या भांड्याला आतून हिरवट कळंक चढावा तसं झालं. वारा दक्षिणेकडून यायला लागला. झुळका नव्हत्या, एकसारखा. स्टेशनात तार आली होती की समुद्रात वादळ आहे आणि किनाऱ्याकडे सरकतंय. मामा ती बातमी घेऊन नेवाळीला आले, सोबत वकीलसाहेब, कारण कोर्टाला सुट्टी होती. मी आधीच तिथे होतो.

विमान वादळात कसं बांधायचं याला अक्कल लागत नाही. वाऱ्याकडे तोंड करायचं. वारा समोरून आला की पंखांवरून वाहून जातो. बाजूने आला की एका पंखाखाली शिरतो आणि त्याला उचलतो. छत्री घेऊन चालणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळतं. मी म्हटलं, "मामा, जरा हात लावा. नाक दक्षिणेला वळवायचंय."

मामा जागेवरच थबकले. "दक्षिणेला?"

"वारा तिकडून आहे."

"अरे, पण दक्षिण! यमाची दिशा ती. घराचं दार कुणी दक्षिणेला ठेवतं का? दक्षिणेला तोंड करून उभा राहतो तो एक मारुती. त्याची गोष्ट वेगळी."

"मामा, हिचाही जन्म उडण्याचाच आहे. मारुतीसारखाच."

"चेष्टा नको," मामा म्हणाले. "पूजा केलीय तिची."

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. या घशाने ठाण्याच्या कोर्टात कित्येकांची वाट लावली होती. "थांबा," ते म्हणाले, "मुळात प्रश्न असा आहे की, विमान हे उभं मानायचं की झोपलेलं?"

वाऱ्याने त्यांच्या कोटाची शेपटं वर उडत होती आणि ते दोन्ही हातांनी ती खाली दाबत होते.

"उभं मानलं," एक हात सोडवून ते बोटं मोजत म्हणाले, "तर दक्षिणेला तोंड निषिद्ध. ठीक?"

"ठीक," मामा म्हणाले.

"आता झोपलेलं माना. पोट जमिनीला लागून लांब पसरलेलं आहे, म्हणजे झोपलेलंच दिसतं. मग नाक हे डोकं आणि शेपूट हे पाय. डोकं दक्षिणेला चालतं. शास्त्राला मान्य आहे."

मला एक क्षण त्या माणसाबद्दल प्रेम वाटलं. खरंच वाटलं. मी म्हटलं, "मग झोपलेलंच! गाढ झोपलंय! चला, उचला शेपूट."

"पण," वकीलसाहेब म्हणाले, "चाकं आहेत. चाकं म्हणजे पाय. पाय खाली टेकलेले आहेत, म्हणजे ते उभं आहे."

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

"बैल बसला तरी त्याला पाय असतातच की!" मी ओरडलो. "आणि हिला नाकही आहे, शेपूटही आहे, फक्त अक्कल नाही, नाहीतर ती कधीच तुम्हाला सोडून उडून गेली असती!"

"भाचेराव, आवाज खाली," मामा म्हणाले.

"उत्तरेला करायचं का?" वकीलसाहेबांनी उदारपणे विचारलं.

"उत्तरेला केलं तर वारा शेपटीत शिरेल!"

"शिवाय झोपलेलं धरलं तर डोकं उत्तरेला होतं," मामा स्वतःशीच म्हणाले. "मयताचं ठेवतात तसं. नको नको."

अशा रीतीने सुशिक्षितांनी शास्त्रार्थ करून दोन दिशा बाद केल्या. उरल्या दोन, आणि दोन्हींमध्ये वारा म्हातारीच्या कुशीत येणार होता. मत घेतलं. दोन विरुद्ध एक, पूर्व. वकीलसाहेबांनी ठराव तोंडी वाचून दाखवला. वारा त्यांचे अर्धे शब्द उडवून नेत होता. वाऱ्याला त्यातलं चांगलं कळत असावं.

मी बहुमत मानलं नाही. ते दोघे शेडमध्ये थर्मासमधला चहा प्यायला गेले तेवढ्यात मी एकट्याने तिची शेपूट खांद्यावर घेतली आणि तिला गरकन फिरवली. ती हलकी होती म्हणून सांगितलंच. नाक दक्षिणेला झालं. लगेच पंखांच्या तारा गुणगुणायच्या थांबल्या आणि ती अशी स्थिर झाली की मला हसू आलं. मेखा नव्या जागी ठोकल्या, दोर बांधले. पण शेपटीचे दोर झिजलेले होते. नवे हवे होते. मी शेडमध्ये डोकावून म्हटलं, "दोर घेऊन येतो. हिला हात लावू नका."

"नाही, नाही," मामा म्हणाले.

सायकलवर बसलो आणि कल्याणला निघालो. वारा पाठीशी होता. पॅडल मारावंच लागलं नाही. कल्याणच्या बाजारात मी पोचायच्या आधी माझी टोपी पोचली होती. दोर घेतला, खांद्यावर वेटोळं टाकलं आणि परत फिरलो. परतीला तोच वारा तोंडावर. सायकल उभी राहून माझ्याकडे बघायची, पुढे जायचं नाव नाही. शेवटी तिला एका झोपडीच्या कुडाला टेकवली आणि चालत, मग वाकून, मग जवळजवळ रांगत निघालो. पाऊस आडवा येत होता. गवताच्या पेंढ्या, कौलं, एक कोंबडी असा माल माझ्या अंगावरून कल्याणकडे चालला होता. कोंबडीचा चेहरा मला आठवतो. तिला विमानविद्या कळत होती.

धावपट्टी दिसली. म्हातारी दिसली. तोंड पूर्वेला.

दोघे शेडच्या दारात उभे होते, भिजलेले, पण समाधानी. मामांच्या हातात हळदकुंकवाची पुडी. मी गेल्यावर त्यांनी शेतावरची माणसं बोलावून तिला परत फिरवली होती. वर पंख्याला नवी माळ घातली होती. मामांनी दोन्ही चाकांखाली लाकडी पाचरी लावल्या होत्या, गार्डाच्या डब्याला लावतात तशा. "आता तसूभर हलायची नाही," मामा ओरडून म्हणाले. चाकं हलू नयेत म्हणून. वारा चाकांना हातसुद्धा लावणार नव्हता! आणि दोर वकीलसाहेबांनी स्वतः बांधले होते. त्यांनी बांधलेली गाठ मी पाहिली. त्यांच्या दप्तराच्या लाल फितीची गाठ. दोन कान वर काढलेली. एक टोक ओढलं की सगळं प्रकरण मोकळं.

मी धावलो. पहिल्या गाठीवर हात टाकला तेव्हाच उजवा पंख श्वास घेतल्यासारखा वर उचलला गेला. गाठीचा एक कान माझ्या डोळ्यांदेखत सर्रकन आत गेला. मी पंखाच्या खालच्या काठीला लोंबकळलो. पुढचं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. म्हातारी उडाली. इंजिन बंद, पंखा स्थिर, आत कुणी नाही, पुढे झेंडूची माळ, आणि उजव्या पंखाला मी टांगलेला. इतकं सुरेख उड्डाण मी कधी केलं नव्हतं. शेडचं छप्पर माझ्या पायांखालून गेलं. मला वकीलसाहेबांचं टक्कल वरून दिसलं, आणि त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं की, इथून थुंकावं. तोंड कोरडं पडलं होतं, नाहीतर थुंकलो असतो.

मग ती कुशीवर झाली. मी पेंढ्यांच्या गंजीत पडलो, गंजीसकट घरंगळलो. ती माझ्या डोक्यावरून गेली आणि पलीकडच्या कापलेल्या भातखाचरात नाक खुपसून उताणी पडली. मोडण्याचा आवाज मोठा नव्हता. पापडाचा डबा खाली पडावा तेवढाच. उजवे पंख एका ठिकाणी, पंखा दुसरीकडे, आणि रोगण लावलेलं कापड वाऱ्यात फडफडत राहिलं.

ते दोघे वाऱ्याला टेकत टेकत माझ्याकडे आले. मामांनी माझे हातपाय चाचपले. काही मोडलं नव्हतं. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं, पावसाचं असेल. मग ते म्हणाले, आणि हे मी पदरचं घालून सांगत नाही, बाकी सगळं घातलं असेन, "बघ. पूर्वेला तोंड होतं म्हणून तू वाचलास."

"निःसंशय," वकीलसाहेब म्हणाले. "दक्षिणेला असतं तर जीवावर बेतलं असतं."

माझ्या तोंडात गवत होतं.

वादळ गेल्यावर लोक भेटायला आले. मयताला येतात तसे, पुरीभाजी न घेता. इंजिनियर गृहस्थही आले. मोडका सांगाडा बघून त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता हा माणूस एक तरी बरा शब्द बोलेल. ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, तत्त्वतः." मास्तर आले, म्हणाले, पुराणातली मोडत नसत. बायका कापडाचे तुकडे मागत होत्या, पाणी आत शिरत नाही, बाळाच्या दुपट्याखाली घालायला बरे. मी देऊन टाकले. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. बाळांना तरी त्याची गरज होती.

भागीदारांनी मत घेतलं. इंजिन मोहन्याच्या बाजूला एका बागायतदाराला पाण्याच्या पंपासाठी द्यायचं, आणि बाकीचं मामांच्या परसात नेऊन टाकायचं, बंबाला लाकूड म्हणून. पुन्हा उभी करण्याबद्दल मी बोललो. नाक नवं करता येईल, पंख जुहूच्या विमानतळावर कुणाकडे तरी जुने मिळतील, मी स्वतः शिवेन, चिकटवीन. वकीलसाहेब म्हणाले, "पुढच्या पिढीने बघावं." मामा म्हणाले, "तिची घडीच चुकली असेल. आपल्या हातात काय?" दोन विरुद्ध एक.

सांगाडा न्यायला बैलगाडी ठरवली. ज्याच्या खाचरात ती पडली होती त्याचीच. पंखांशिवाय ती इतकी लहान दिसत होती की गाडीवर सहज मावली, शेपूट तेवढी मागे बाहेर. गाडीवाला म्हणाला, "दादा, चालताव कशाला? आत बसा ना. मोकली जागा हाय." भागीदार टांग्यात बसून पुढे गेले होते. मी मागच्या जागेवर चढलो, नेहमी बसायचो तिथे. समोर इंजिन नव्हतं, नाक नव्हतं, त्यामुळे दोन बैलांच्या शेपट्या स्वच्छ दिसत होत्या. आमच्या सबंध भागीदारीच्या काळात समोरचं इतकं नीट प्रथमच दिसत होतं.

कल्याणच्या बाजारात शिरलो तेव्हा दुकानदार बाहेर आले. "कुठे निघाली स्वारी?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "कराचीला. हवाई टपालाचं पत्र असेल तर द्या." लोक हसले. बाजाराच्या वळणावर बैल डावीकडे वळले आणि माझा पाय सवयीने डाव्या पट्टीवर पडला. मागे कुरकुर झाली. मान वळवून बघितलं. सुकाणू डावीकडे वळलं होतं. नाक गेलं, पंख गेले, पण पायापासून शेपटीपर्यंतची तार शाबूत होती. मी उजवा पाय दाबला. सुकाणू उजवीकडे. मग मी बाजाराकडे बघायचं सोडलं. प्रत्येक वळणाला, प्रत्येक खड्ड्याला मी तिला सांगत गेलो आणि ती त्याच क्षणी ऐकत गेली. गाडीवाला एकदा मागे वळून म्हणाला, "तुम्ही हाकताव का मी?" मी म्हटलं, "मी."

मामांच्या दारात गाडी थांबली. टांगा आधीच पोचला होता. वकीलसाहेब ओट्यावर बसून सरबत पीत होते. मामा पुढे आले, गाडीला वळसा घालून शेपटीपाशी गेले. मी पायाने सहज, शेवटचं म्हणून, सुकाणू हलवलं. मामा दचकून मागे सरकले.

"हे अजून हलतं?"

"हलतं."

"तू हलवलंस?"

"मीच."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. त्यांनी सुकाणूवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. ओट्यावरून वकीलसाहेबांनी विचारलं, "काय झालं?" वकीलसाहेबांना उत्तर न देताना मी मामांना त्या दिवशी प्रथम पाहिलं.

"पुन्हा हलव बघू," ते हळूच म्हणाले.

कुणाचं मत न घेता मी पट्टीवरचा पाय काढून घेतला आणि गाडीतून खाली उतरलो.